सुरक्षेचा अभ्यास आणि सुरक्षेचा व्यवहार



वसंतातल्या या व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याला येथे उभे केले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. त्यामुळे आजच्या व्याख्यानात विद्वत्ता कमी आणि विचारपूस जास्त असेल. आपण ती गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

आजचा विषय आम्हीच मागून घेतला. अलीकडे विद्यापीठांतून 'सुरक्षा-अभ्यास' या नावाचे एक शास्त्र शिकवले जाते. त्याच्या परिषदा भरतात. त्यांत प्राध्यापक येतात, निवृत्त सेनाधिकारी येतात, पोलीस अधिकारी आणि मुत्सद्दी येतात. निबंध वाचले जातात, चर्चा होतात आणि शेवटी 'संशोधन आणि व्यवहार यांची सांगड घातली पाहिजे' असा ठराव होतो. ठराव चांगला आहे. आमचा प्रश्न एवढाच, की व्यवहाराच्या बाजूने त्या सभागृहात कोण बसलेले असते? सरहद्दीवरचा व्यवहार जाणणारे बसतात, ते योग्यच आहे. परंतु सुरक्षेचा व्यवहार सरहद्दीवर संपत नाही. तो आपल्या गावाबाहेर, पुण्याच्या रस्त्याला, चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतही दिवसाचे चोवीस तास चालू असतो. त्या व्यवहाराच्या वतीने आज चार शब्द बोलावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम या शास्त्राविषयी. त्याची थट्टा करावी असा आमचा मुळीच विचार नाही. ज्याला देश आहे त्याला शेजारी आहेत, आणि शेजाऱ्यांत चांगले-वाईट दोन्ही असतात. १९६२ साली चीनने आपल्याला हा धडा दिला. त्यानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. त्यांच्या कारकिर्दीतच, पाकिस्तानशी झालेले युद्ध थांबून दोन महिनेही झाले नव्हते तोच, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत संरक्षणविषयक अभ्यासाची एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज ती मनोहर पर्रीकरांच्या नावाने ओळखली जाते. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि १९९२ पासून पुण्यातच सामरिक अभ्यासाचे एक केंद्र काम करीत आहे. महाराष्ट्र या विद्येत मागे नाही, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट ऐका. ती फारशी कोणाला ठाऊक नसते. ती दिल्लीची संस्था स्थापन होऊन बरोबर एक महिना झाला, आणि ११ ते १३ डिसेंबर १९६५ या तीन दिवसांत त्याच दिल्लीत दुसरी एक परिषद भरली. ती औद्योगिक सुरक्षिततेची राष्ट्रपतींची परिषद. तेथे सरकारचे लोक होते, कारखानदारांच्या संस्था होत्या आणि कामगार संघटनाही होत्या. यंत्रात हात जाऊ नये, बाष्पकाचा स्फोट होऊ नये, विषारी वायूने माणूस गुदमरू नये, याचा विचार तेथे झाला. त्या विचारातून ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद ही संस्था निघाली. आपण कारखान्यांतून दर वर्षी ४ मार्चला छातीवर हिरवा बिल्ला लावतो आणि शपथ घेतो, तो दिवस हाच.

एका शहरात, एका महिन्याच्या अंतराने, 'सुरक्षा' या एकाच शब्दाची दोन घरे उभी राहिली. एका घरात सीमा, सैन्य आणि शस्त्रे यांचा विचार होऊ लागला; दुसऱ्यात यंत्रे, रसायने आणि आग यांचा. पुढे पन्नास-साठ वर्षांत या दोन घरांत येणे-जाणे फारसे झाले नाही. पहिल्या घरच्या परिषदांना वर्तमानपत्रे मथळे देतात. दुसऱ्या घरची आठवण अपघात झाला की होते, आणि पंचनामा संपला की विसरते. आमचे म्हणणे असे, की ही दोन्ही घरे एकाच माणसाच्या जिवासाठी बांधलेली आहेत, आणि त्यांच्यामधली भिंत पाडल्याखेरीज दोघांचेही काम पुरे होणार नाही.

हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. त्या शास्त्रातल्या थोर मंडळींनीच त्याची वाट दाखवून ठेवली आहे. १९५२ साली अर्नोल्ड वोल्फर्स नावाच्या एका पंडिताने लिहिले, की राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द फार संदिग्ध आहे. त्याने सुरक्षेच्या दोन बाजू सांगितल्या. एक, प्रत्यक्ष धोका नसणे. आणि दुसरी, धोक्याची भीती नसणे. या दोन्ही गोष्टी बरोबरच नांदतात असे नाही. हे वाचले तेव्हा आम्हाला वाटले, हा मनुष्य कधी आपल्या कारखान्यांतून हिंडला तर नव्हता ना! कारण आमच्याकडे नेहमी हेच दिसते. धोका भरपूर आहे, पण भीती मेलेली आहे. दहा वर्षे ज्या पट्ट्याजवळून माणूस सदरा सावरीत गेला, त्या पट्ट्याचे त्याला भय वाटत नाही. उलट नोकरी जाण्याचे भय एवढे मोठे असते, की त्यापुढे हात जाण्याचे भय त्याला सुचतच नाही.

पुढे १९८३ साली बॅरी बुझान या इंग्रज प्राध्यापकाने सुरक्षेचा विचार सैन्यापलीकडे नेला. अर्थकारण, समाज आणि पर्यावरण यांनाही त्यात जागा दिली. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा मानवी विकास अहवाल निघाला. त्यामागे पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब-उल-हक होते. या अहवालाने 'मानवी सुरक्षा' हा शब्द जगापुढे मांडला आणि तिची सात अंगे सांगितली: उपजीविकेची, अन्नाची, आरोग्याची, पर्यावरणाची, व्यक्तीची, समाजाची आणि राजकीय हक्कांची सुरक्षा. ही यादी आम्ही एकदा काही कंत्राटी कामगारांना वाचून दाखवली. एकजण म्हणाला, "साहेब, यातली पहिली असली म्हणजे बाकीच्या सहा मागायला तोंड येतं." त्या गृहस्थाने कुठल्याही परिषदेत निबंध वाचलेला नाही, पण निबंधाचे सार मात्र त्याने सांगितले.

आता आपण चिंचोळीला जाऊ.

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याने निघाले, की केगावला आपले विद्यापीठ लागते. त्याच रस्त्याने पुढे गेले, की पाकणीच्या बाजूला तेलाचे साठे आहेत. आणि मोहोळ तालुक्यात शिरल्यावर चिंचोळीची वसाहत. जुन्या सोलापूरचे उद्योग म्हणजे कापडगिरण्या. भोंगा झाला की सारे शहर हलत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते भोंगे एकामागून एक बंद पडत गेले आणि आमच्या पिढीने तो काळ डोळ्यांनी पाहिला. गिरणीत जी माणसे हजारांनी एका छताखाली असत, त्यांची मुले आता पाच-पन्नासांच्या टोळ्यांनी निरनिराळ्या शेडांतून विखुरलेली आहेत. चिंचोळीत रसायने आहेत, औषधी द्रव्ये आहेत, सूत आणि कापड आहे. कामगार कायम थोडे आणि कंत्राटी फार. तेथे सुरक्षेचे तीन पहारे चालतात, आणि तिन्ही पहाऱ्यांची ओळख आपण करून घेऊ.

पहिला पहारा फाटकावरचा. फाटकाशी एक खोली, एक खुर्ची, एक नोंदवही आणि एक माणूस. आपण त्याला 'वॉचमन' म्हणतो; कागदोपत्री तो 'सुरक्षा रक्षक' असतो. बहुधा तो जवळच्या खेड्यातला अल्पभूधारक शेतकरी किंवा बंद गिरणीतल्या कामगाराचा मुलगा असतो. आठ तासांची पाळी त्याला क्वचित मिळते. बारा तासांची नेहमीची. कारखान्यात येणारी मालमोटार त्याला ठाऊक, जाणारी ठाऊक. रात्री कोणत्या शेडमध्ये दिवा जळतो ते ठाऊक. वास कधी बदलला तेही त्याच्याच नाकाला प्रथम कळते. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी एक चांगला कायदा केला. रक्षकांची नोंदणी व्हावी, त्यांच्यासाठी मंडळे असावीत, वेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांची हमी असावी, असा त्याचा हेतू. पुढे २००५ साली केंद्राने कायदा करून सुरक्षा पुरवणाऱ्या संस्थांना परवाना आणि रक्षकांना प्रशिक्षण आवश्यक ठरवले. कायदे कागदावर आहेत. परंतु जो दुसऱ्याच्या मालाची सुरक्षा करतो, त्याच्या म्हातारपणाची सुरक्षा कोण करतो, हा प्रश्न फाटकाशी गेल्यावर अजून विचारावा लागतो.

या माणसाचे राष्ट्रीय सुरक्षेशी काय नाते, असे कोणी विचारील. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी चिंचोळीच्या वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रोन हा मादक पदार्थ जप्त केला. त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत सांगितली गेली. मादक पदार्थांचा व्यापार हा आज सुरक्षा-अभ्यासाचा मोठा विषय आहे. त्यावर ग्रंथ आहेत, नकाशे आहेत. त्या नकाशावर आपल्या मोहोळ तालुक्यातले एक गाव आले. मुंबईच्या पोलिसांनी आपले काम केले, त्यांचे अभिनंदन. परंतु आमच्या मनात येते ते असे: अशा वसाहतीतून रात्री-अपरात्री कोण येतो-जातो, कोणत्या बंद शेडमध्ये एकाएकी काम सुरू झाले, हे ज्यांच्या डोळ्यांपुढून जाते अशी शेकडो माणसे तेथे फाटकाफाटकावर बसलेली असतात. या माणसांना आपण काही विचारतो का? आणि त्यांनी सांगितले तर उद्या त्यांची नोकरी टिकते का? ज्याची रोजी कंत्राटदाराच्या एका शब्दावर लटकलेली आहे, तो डोळे उघडे ठेवील, पण तोंड उघडणार नाही. म्हणजे उपजीविकेची सुरक्षा नसली, की राष्ट्राची सुरक्षाही तेवढी आंधळी होते. दोन्ही घरांच्या मधली भिंत पाडा असे आम्ही म्हणतो, ते यासाठी.

दुसरा पहारा यंत्राजवळचा. येथे शत्रू परका नसतो. तो नळीत, टाकीत आणि तारेत बसलेला असतो. सांडपाण्याच्या टाकीत एक माणूस उतरतो, वायूने भोवळ येऊन पडतो. त्याला काढायला दुसरा उडी घेतो, तोही पडतो. मग तिसरा. अशा बातम्या देशातल्या कुठल्या ना कुठल्या वसाहतीतून येतच असतात. दुसरा आणि तिसरा मेला तो भेकडपणाने मेलेला नाही, मैत्रीने मेला. त्याला कोणी एवढेच शिकवले नव्हते, की आधी हवा तपास, कमरेला दोर बांध, आणि वर एक माणूस उभा ठेव. हे ज्ञान फार महाग नाही. दोराची किंमत सर्वांना परवडते.

आपल्या शहराने या दुसऱ्या पहाऱ्याचे सर्वांत दारुण चित्र १८ मे २०२५ रोजी पाहिले. रविवारची पहाट होती. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आणि आठ जीव गेले. त्यांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती, एक तान्हे मूल होते आणि कामगारही होते. राहणे तेथेच आणि कामही तेथेच. त्या कारखान्याविषयी दोषारोप करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि जे गेले त्यांच्याविषयी आम्ही नम्रतेनेच बोलू. पण एक गोष्ट सर्वांनी ध्यानात घ्यावी. आम्ही आयुष्यभर मालक आणि मजूर यांतला भेद सांगत आलो. आगीने तो भेद मानला नाही. कापसाचे सूत जेथे रचलेले असते, तेथे धूर कोणालाही ओळखत नाही. म्हणून बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता मागणे ही कामगारांची कुरकुर आहे, असे ज्या कारखानदारांना वाटते, त्यांनी ती स्वतःच्या लेकराबाळांची मागणी समजावी.

कायद्याचे काय, असे आपण विचाराल. १९४८ च्या कारखाने अधिनियमात आगीपासून बचाव, बाहेर पडण्याचे मार्ग, यंत्राला कुंपण, विषारी वायूंपासून काळजी, सारे काही लिहिलेले होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला जे घडले, त्यानंतर १९८७ साली त्यात नवी कलमे आली. धोकादायक कामाची माहिती कामगाराला मिळाली पाहिजे, सुरक्षिततेच्या समितीत त्याला जागा पाहिजे, आणि संकट समोर दिसले तर ते वरिष्ठांच्या कानावर घालण्याचा त्याला हक्क आहे, असे कायद्याने मानले. आता ते सर्व २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. या संहितेत पूर्वीच्या निरीक्षकाचे नाव 'निरीक्षक-नि-सुविधाकार' असे झाले. विजेवर चालणाऱ्या जागेत पूर्वी दहा कामगार असले की तो 'कारखाना' ठरे. आता वीस लागतात. दुसऱ्या बाजूने न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की साध्या कारखान्यात पूर्वी हजार कामगार असल्याखेरीज सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती नव्हती. आता ती पाचशेवर आली, आणि धोकादायक कामांत अडीचशेवर. हे पाऊल चांगलेच आहे. परंतु सोलापूरच्या छोट्या शेडांत, जेथे बारा-पंधरा माणसे काम करतात आणि रात्री तेथेच पथारी टाकतात, तेथे या पाचशेच्या आकड्याचा उपयोग काय? आमचा सुरक्षेचा खरा प्रश्न त्या लहान शेडांतच आहे.

भोपाळचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगतो. त्या कारखान्यात १९८१ साली विषारी वायूने एक कामगार मेला होता. तेथल्या कामगार संघटनेने पुढे भित्तिपत्रके लावून लोकांना सावध केले होते. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून स्थानिक वृत्तपत्रात एकामागून एक इशारे लिहिले होते. म्हणजे व्यवहाराला धोका ठाऊक होता. ज्यांनी ऐकायचे त्यांच्या कानांपर्यंत तो पोचला नाही, किंवा पोचूनही त्याला 'माहिती' असा मान मिळाला नाही. कारण तो सांगणारा मजूर होता, आणि छापणारे पत्र लहान होते. विद्वानांच्या परिषदेने पहिले संशोधन करायचे झाले, तर या एका प्रश्नाचे करावे: ज्याला धोका आधी कळतो, त्याचे म्हणणे सर्वांत शेवटी का ऐकले जाते?

तिसरा पहारा घरातला, चुलीपाशी असतो. कामगार जायबंदी झाला तर त्याच्या घरात पीठ कोठून येईल? हा प्रश्न स्वातंत्र्यापूर्वीच विचारला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्राध्यापक आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, अपघात, मृत्यू, या सर्वांत कामगाराच्या घराला आधार देणे याला 'सामाजिक सुरक्षा' असे नाव आहे. पाहा, येथेही शब्द तोच: सुरक्षा. बाबासाहेबांना सरहद्दीची काळजी नव्हती काय? होती. परंतु देश म्हणजे नुसता नकाशा नव्हे, त्यात राहणारी माणसे, हे त्यांना ठाऊक होते.

आता थोडे अवघड बोलतो. सुरक्षा हा शब्द जितका मोलाचा, तितकाच तो जपून वापरण्याचा आहे. ओले व्हेवर या डॅनिश पंडिताने एक मार्मिक विचार मांडला आहे. एखाद्या गोष्टीवर सत्ताधाऱ्यांनी 'हा सुरक्षेचा प्रश्न आहे' असा शिक्का मारला, की ती नेहमीच्या चर्चेतून उचलली जाते. मग प्रश्न विचारणारा संशयित ठरतो. हे समजून घ्यायला सोलापूरकरांना डेन्मार्कला जाण्याची गरज नाही. १९३० साली १२ मे ते ३० जूनपर्यंत आपल्या शहरावर इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला होता. कशासाठी? शांतता आणि सुरक्षा यांसाठी! गांधी टोपी घालणे हाही तेव्हा गुन्हा ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्याला फासावर गेले. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. त्या वेळच्या सरकारच्या दप्तरी ते सुरक्षेला धोका होते.

दुसरे उदाहरण याहून जुने आणि याहून लांबलेले. आपल्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. तेथून ये-जा करणाऱ्या तरुणांना हे नाव कशावरून पडले ते पुष्कळदा ठाऊक नसते. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले, हजेऱ्या घेतल्या, आणि त्यांचे श्रम मात्र गिरण्यांत वापरले. हेही समाजाच्या सुरक्षेसाठीच होते! ज्या हातांनी सूत काढले, ते हात संध्याकाळी हजेरीला उभे राहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण लोकांच्या नजरेतला कायदा रद्द व्हायला त्याहून जास्त वर्षे लागली, आणि तो पुरता गेला असे अजूनही म्हणवत नाही.

कामगार संघटनेलाही या शब्दाचा अनुभव आहे. एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) कामगारांनी हातमोजे आणि मुखवटे मागितले. आम्ही त्यांच्या वतीने अर्ज घेऊन गेलो. 'सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश नाही' अशी पाटी आम्हाला दाखवण्यात आली. सुरक्षेची साधने मागायला गेलेल्या माणसाला सुरक्षेच्याच कारणाने अडवले! फाटकावरचा रक्षक बिचारा ओशाळून म्हणाला, "अण्णा, मला पण मोजे पाहिजेत, पण वरचा हुकूम." तो अर्ज आम्ही पोस्टाने धाडला. मोजे पुढे मिळाले, पण चार महिन्यांनी.

यावर विद्वान मंडळींचा एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानत नाही. ते म्हणतील, "तुम्ही आग, टाकी, पगार, विमा, सारेच सुरक्षेत घातलेत. सगळेच सुरक्षा झाले, तर या शब्दाला अर्थ काय उरला? मग युद्ध आणि शांती यांचा अभ्यास कोणी करायचा?" आक्षेपात तथ्य आहे. वैद्याने एकाच काढ्याला सर्व रोगांवरचे औषध म्हटले, तर त्या काढ्यावरचा विश्वास उडतो. शिवाय आम्हीच आता सांगितले, की सुरक्षेचा शिक्का मारला म्हणजे चर्चा बंद पडते. मग कामगारांच्या प्रश्नांवर तो शिक्का आम्ही का मागतो?

आमचे उत्तर असे. आम्हाला शिक्का नको. आम्हाला हिशेब पाहिजे. १९९७ साली डेव्हिड बाल्डविन या अभ्यासकाने म्हटले, की सुरक्षेविषयी बोलताना काही साधे प्रश्न विचारावेत: सुरक्षा कोणाची? कोणत्या मूल्याची? कोणत्या धोक्यापासून? किती? आणि कोणत्या किमतीला? हे प्रश्न विचारले, म्हणजे शब्द वाफेसारखा उडून जात नाही. १९३० च्या लष्करी कायद्याला 'कोणाची सुरक्षा' हे विचारा, तो लगेच उघडा पडतो. चिंचोळीच्या फाटकाला विचारा, तर उत्तर येते: मालाची आहे, माणसाची अर्धवट आहे. सरहद्दीला विचारा, तर जवानाचे शौर्य दिसते, आणि त्याच्या मागे त्याचा भाऊ कोणत्या शेडमध्ये किती तास काम करतो तेही दिसते. एकच कुटुंब सैन्यात मुलगा देते आणि कारखान्यात मुलगा देते. आपल्या सोलापूर-सातारा भागात अशी घरे किती, हे आपणास सांगायला नको. एका मुलाची सुरक्षा राष्ट्रीय आणि दुसऱ्याची किरकोळ, हे त्या आईला कसे समजवाल?

तेव्हा आमची सूचना आहे. सुरक्षा-अभ्यासाची एक परिषद सोलापुरात भरवावी. केगावचे विद्यापीठ आणि चिंचोळीची वसाहत एकाच रस्त्यावर आहेत. पहिला दिवस विद्यापीठात निबंध वाचावेत. दुसऱ्या दिवशी सर्वांनी बसमध्ये बसून चिंचोळीला जावे आणि तेथे वक्ते बदलावेत. फाटकावरच्या रक्षकाने बोलावे, बाष्पक सांभाळणाऱ्याने बोलावे, अग्निशामक दलाच्या जवानाने बोलावे, रात्रपाळी करून महामार्गाने सायकलवर घरी जाणाऱ्याने बोलावे, आणि लहान कारखानदारानेही आपली अडचण सांगावी. त्या दिवशी प्राध्यापकांनी लिहून घ्यावे.

संशोधनाला विषय कमी पडणार नाहीत. लहान शेडांना दारे किती, आणि रात्री त्यांतली किती बाहेरून कुलूपबंद असतात? रात्री आत झोपणाऱ्यांची गणती कोणाकडे आहे? बंब यायला वाट मोकळी आहे का? एका कारखान्यातल्या रसायनाचे नाव शेजारच्या कारखान्याला ठाऊक आहे का? आणि एक विषय आमच्या विशेष आवडीचा. १९३१ साली हाइनरिख नावाच्या विमा कंपनीतल्या एका माणसाने हिशेब मांडला, की एका मोठ्या अपघातामागे एकोणतीस लहान अपघात आणि तीनशे हुकलेले अपघात असतात. त्याच्या आकड्यांवर पुढे वाद झाला, तो होऊ द्या. पण त्यातली शिकवण कामाची आहे. मोठे संकट येण्यापूर्वी ते पुष्कळदा दार ठोठावून जाते. आमच्या कारखान्यांत झालेल्या अपघातांची नोंद होते, तीही कधीकधी. थोडक्यात हुकलेल्या अपघातांची वही मात्र कोठेच नसते. चिंचोळीच्या पन्नास फाटकांवर अशा पन्नास वह्या ठेवल्या, आणि त्यात लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी हमी दिली, तर एका वर्षात जे ज्ञान गोळा होईल ते पुष्कळ प्रबंधांना पुरेल. विशेष म्हणजे, त्यातून काही जीव वाचतील.

श्रोतेहो, आपण येथे जमलेले बहुतेक लोक कारखान्यात काम करणारे नाहीत. आपण शिक्षक आहात, वकील आहात, व्यापारी आहात, गृहिणी आहात. आपल्याला यात काय करता येईल, असे आपल्या मनात आले असेल. फार मोठे काही नाही. आपल्या इमारतीच्या फाटकाशी जो रक्षक बसतो, त्याला किती तासांची पाळी आहे आणि त्याची भविष्य निर्वाह निधीची नोंद आहे का, एवढे विचारा. आपल्या गल्लीत यंत्रमागाची शेड असेल, तर तिचे दुसरे दार कोठे आहे ते पाहा. दार नसेल तर मालकाशी शेजारधर्माने बोला. आणि वर्तमानपत्रात 'सुरक्षा' हा शब्द मोठ्या टाईपात आला, की क्षणभर थांबून स्वतःला विचारा: कोणाची?

हा प्रश्न विचारणारे नागरिक ज्या शहरात आहेत, त्या शहराची रखवाली चांगली होते असा आमचा विश्वास आहे. सोलापूरने १९३० साली हा प्रश्न फार मोठी किंमत देऊन विचारला होता. आज तो विचारायला प्राण द्यावा लागत नाही. फक्त थोडा वेळ आणि थोडी लाज सोडावी लागते. तेवढे आपण कराल, अशी आशा बाळगून, आम्ही आमचे भाषण संपवतो.